माकडहाडापाशी बोट दाबून पाहा

खुब्याचं ऑपरेशन होऊन सासूबाई पलंगावर होत्या तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, आज जेवल्या का? पाठ पाहिली का, असं कोणी विचारलं नाही. नवव्या दिवशी अंग पुसायला येणाऱ्या मावशींनी त्यांना जरा कुशीवर केलं, माकडहाडापाशी बोट दाबलं आणि मला हाक मारली. "ताई, हे पाहा. पांढरं नाही होऊन राहिलं."

रुपयाएवढा लाल डाग. मी तो आदल्या दिवशीच पाहिला होता आणि घामोळं समजून सोडून दिला होता.

चांगल्या कातडीवर बोट दाबलं की खालचं रक्त बाजूला सरतं, जागा फिकी पडते आणि बोट उचलताच रंग परत येतो. दाबल्यावरही जागा लालच राहिली, तर आतल्या केशवाहिन्यांना, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना, इजा झालेली असते. बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. सावळ्या अंगावर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हातानेच तपासायचं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिलपिलीत लागते का, दुखते का?

१९३० साली युजीन लँडिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत अतिबारीक काचनळी घालून रक्ताचा दाब मोजला. रक्त शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. दंडावर बीपी मोजताना आपण १२० ऐकतो, त्याच्या जवळपास चौथाई. हाड आणि गादी यांच्यात चेपलेल्या मांसावर याहून जास्त दाब सहज येतो. तो तासन्‌तास टिकला की पेशी उपाशी पडतात. ३२ ही काही सगळ्यांना सारखी लागू पडणारी रेषा नाही. थकलेल्या, सुकलेल्या शरीराचं त्याहून कमी दाबातही बिघडतं. धडधाकट माणूस झोपेत नकळत कितीदा कूस बदलतो. खिळलेल्या माणसाला ते दुसऱ्याने करून द्यावं लागतं.

दाब सर्वांत जास्त असतो तो हाडालगत. त्यामुळे नासाडी बरेचदा आतून सुरू होते: वर रुपयाएवढं, आत वाटीएवढं.

आमच्याकडे लगेच अंगाखाली ठेवायची हवेची रिंग आली. मावशींनी ती परत पाठवली, आणि बरोबरच केलं. रिंगच्या कडेवर भार येतो आणि मधल्या भागाकडे येणारं रक्तच आवळलं जातं. लाल जागेवर तेल चोळणंही तसंच घातक. आधीच दुखावलेल्या वाहिन्या आणखी फाटतात. हवेची गादी उपयोगी, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलतं ठेवायचं. ऑपरेशन झालेली बाजू असेल तर डॉक्टरांना विचारून. पोटऱ्यांखाली उशी घातली की टाचा अधांतरी राहतात. डोक्याकडचा पलंग जेवताना उंच हवाच, पण नंतर अर्ध्यापाऊण तासाने खाली घ्यावा. उंच ठेवला की माणूस घसरतो. कातडी चादरीला चिकटून वर राहते, हाड खाली जातं आणि मधल्या वाहिन्या ताणल्या जातात. म्हणूनच वर सरकवताना ओढायचं नाही. अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलायचं.

यात नागपूरचा उन्हाळा वेगळाच घोळ घालतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, आणि म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट झालेली असते. "तहान नाही" हे उत्तर न मानता थोडं थोडं पाणी पाजत राहावं लागतं (डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर). कोरड्या हवेत कूलर देवासारखा. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर खोलीत ओल भरतो, घाम वाळत नाही, भिजलेली कातडी मऊ पडते आणि चादरीच्या एका घासण्यानेही सोलते. आम्ही पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचो. पावडरचा थर मात्र नको. घामात तिच्या गुठळ्या होऊन त्याच टोचतात.

त्यानंतर सहाव्या दिवशी डाग वळला. मी बोट उचललं, फिकट ठसा उमटला आणि पुन्हा भरून आला. सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "काऊन गं, रोज तिथंच बोट टोचून राहिली?"