मानवी हक्क : सार्वत्रिक की संस्कृतिसापेक्ष?

माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला काही हक्क असतातच आणि देश, धर्म, जात यांमुळे त्यांत फरक पडत नाही, हा सार्वत्रिकतावाद. बरे-वाईट कशाला म्हणायचे हे ज्याचा तो समाज ठरवतो, म्हणून एका समाजाची फूटपट्टी दुसऱ्याला लावू नये, हा संस्कृतिसापेक्षतावाद.

वादाला धार आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने, मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी तयार केलेल्या निवेदनात, संयुक्त राष्ट्रांचा नियोजित मानवी हक्कांचा जाहीरनामा पश्चिमेच्याच मूल्यांचा ठरेल अशी शंका मांडली. ती पोकळ नव्हती. आशिया-आफ्रिकेचा मोठा भाग तेव्हा गुलामीत होता आणि ‘सुधारणा’ हे राज्य करण्याचे जुने निमित्त होते. तरी १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला; ८ देश तटस्थ राहिले. धर्म बदलण्याच्या हक्काला सौदी अरेबियाचा आक्षेप होता. पाकिस्तानच्या झफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच आधार घेऊन त्या हक्काची बाजू मांडली. पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणारा शब्द जाऊन तिथे ‘सर्व मानव’ आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. जाहीरनामा निव्वळ पाश्चात्त्य म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

हा वाद महाराष्ट्राने त्याआधीच अंगावर घेतला होता. महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले आणि जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला. बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. विरोधक कोर्टात गेले ते वहिवाटीचा दाखला घेऊन: पूर्वापार असेच चालत आले आहे. ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ‘आमची रीत’ म्हणताना त्या ‘आमची’त कोण येते, हा या वादातला कळीचा प्रश्न महाडइतका स्वच्छ क्वचितच दिसतो. तहानलेला माणूसही त्याच संस्कृतीतला होता.

१९९० च्या दशकात सिंगापूरचे ली क्वान यू आणि मलेशियाचे महाथीर मोहम्मद यांनी ‘आशियाई मूल्ये’ पुढे केली: व्यक्तीआधी कुटुंब आणि समाज, स्वातंत्र्याआधी शिस्त. दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग आणि अमर्त्य सेन यांनी आशियाच्याच परंपरेतून त्याला उत्तर दिले. मानवी हक्कांवरच्या १९९३ च्या व्हिएन्ना जागतिक परिषदेने प्रादेशिक आणि सांस्कृतिक वेगळेपण ध्यानात घ्यावे असे म्हटले, पण हक्कांचे रक्षण हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य मानले. या परिषदेत १७१ देश होते.

सापेक्षतावाद्यांकडून घेण्यासारखे बरेच आहे, विशेषतः बदल बाहेरून लादला तर टिकत नाही ही जाणीव. सेनेगलमधल्या मालिकुंडा बांबारा गावच्या स्त्रियांनी १९९७ मध्ये मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी आरोग्य आणि हक्कांविषयीचे वर्ग त्यांच्याच भाषेत चालले होते. बंदीचा कायदा आला तो १९९९ मध्ये.

भारताने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या करारावर १९९३ मध्येच शिक्कामोर्तब केले, पण सोबत एक निवेदन जोडले: रूढी आणि विवाहाविषयीच्या तरतुदी पाळताना कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत, त्याचा पुढाकार आणि संमती असल्याखेरीज, हस्तक्षेप केला जाणार नाही. त्या समाजातल्या स्त्रीची संमती वेगळी विचारायची की नाही, याबद्दल त्यात काही म्हटलेले नाही.