गुणसूत्राच्या टोकाशी दडलेला विषाणू

नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, हा समज अजून टिकून आहे आणि औषध सुरू करण्याचे पहिले मोलाचे तीन दिवस मंत्र-गेरूत निघून जातात. नागीण म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा, चेतापेशींत दडलेला विषाणू पुन्हा जागा होणे, एवढेच. त्याच हर्पिस कुळातला मॅरेक्स रोगाचा विषाणू कोंबड्यांत दडतो, पण त्याने निवडलेली जागा फार अवघड आहे.

हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेली कोंबडी हे त्याचे ओळखीचे लक्षण. पिसांच्या कोंड्यातून विषाणू श्वासावाटे शिरतो, आधी बी-पेशींत वाढून त्यांचा नाश करतो, मग टी-पेशींत जातो (या दोन्ही रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि साधारण आठवडाभरात तेथे गप्प होतो.

अडचण येथेच आहे. चेतापेशी विभागत नाही, टी-पेशी मात्र विभागते आणि त्या धांदलीत विषाणूचा सुटा डीएनए हरवू शकतो. गुणसूत्राच्या टोकांना, म्हणजे टेलोमिअरमध्ये, टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुन्हापुन्हा येतात. विषाणूच्या डीएनएच्या टोकांशीही नेमकी हीच अक्षरे असतात. या साम्याच्या आधारे तो गुणसूत्राला जोडला जातो आणि पेशी विभागताना त्याची नक्कलही आपोआप होते. २०११ मध्ये संशोधकांनी ही अक्षरे बदललेला विषाणू तयार केला, तेव्हा कोंबड्यांतील कर्करोगाच्या गाठींचे प्रमाण घटले आणि विषाणूचे पुन्हा जागे होणेही मंदावले. म्हणजे आत शिरण्याची वाट हीच बाहेर पडण्याचीही वाट असावी. सुप्तावस्थेत विषाणूची बहुतेक जनुके बंद असतात, मात्र ‘मेक’ हे जनुक चालू राहते आणि तेच टी-पेशीला बेबंद वाढीकडे, म्हणजे कर्करोगाच्या गाठीकडे ढकलते. जागा झालेला विषाणू रक्तातील टी-पेशींसोबत पिसांच्या मुळांशी पोचतो आणि तेथून पुन्हा कोंड्यात उतरतो.

हा विषाणू माणसाला बाधत नाही. ‘चिकन खाल्ल्याने कॅन्सर होतो’ असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

हॅचरीत एक दिवसाच्या पिलाला टोचली जाणारी लस गाठी रोखते, संसर्ग नव्हे. लसवंत कोंबडीच्या कोंड्यातूनही विषाणू पसरतो आणि शेडमध्ये महिनोन्महिने टिकतो. लसीचे संरक्षण तयार व्हायलाही काही दिवस लागतात; म्हणून नवी बॅच उतरवण्यापूर्वी तुसाची जुनी गादी काढून शेड धुणे आणि निर्जंतुक करणे लसीइतकेच आवश्यक ठरते.