‘तीळ’ला टाळ्या किती?

गंगाखेडजवळच्या एका अंगणवाडीत ताई टाळ्यांचा खेळ घेत होत्या. शब्दाचे जितके तुकडे, तितक्या टाळ्या. ‘बाहुली’ला सगळ्यांच्या तीन पडल्या. मग आला ‘तीळ’. ताईंनी दोन वाजवल्या, लेकरांनी एकच. “चुकलं रे!” ताई म्हणाल्या.

लेकरांचं चुकलं नव्हतं. बोलताना आपण मराठी शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘तीळ’ लिहायला दोन अक्षरं, पण तोंडातून निघतो एका झटक्यात. ताईंना अक्षरं दिसत होती, लेकरांना नुसता आवाज ऐकू येत होता. वाचायला शिकताना या दोन्हींची गाठ घालावी लागते, आणि यमक तिथेच कामाला येतं.

तीळ, पीळ, खीळ, शीळ. शेपूट तेच, तोंड तेवढं बदलतं. हे कानाला कळलं, म्हणजे शब्द अखंड दगड नाही, तो फोडता येतो, हे लेकराला कळलं. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतला आवाजात न जुळणारा ओळखायला सांगितला. ज्यांचा कान तेव्हा तयार होता, ती मुलं पुढे काही वर्षांनी वाचनातही सरस निघाली. 1983 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं. त्यांतल्या 65 मुलांचे गट करून वेगवेगळं शिकवलं, तेव्हा आवाजांच्या खेळाला प्लास्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेला गट सर्वांत पुढे गेला. तेव्हा यमकाच्या खेळात नुसती घोकंपट्टी नको, आणि ओळींचा अर्थ सांगत बसणंही नको.

त्यापेक्षा ओळ अर्धी सोडावी.

तव्यावर तडतडला तीळ,
आजीनं घातली लांब...

इथे थांबायचं. ‘शीळ’ लेकरूच म्हणतं. कुणी ‘खीळ’ म्हटलं तरी बिघडत नाही, कान बरोबर आहे. आपल्याकडे घरात ‘पानी’ आणि ‘गानी’ म्हणतात, पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘गाणी’. यमक दोन्हीकडे जुळतं, तेव्हा खेळाच्या मधेच ‘ण’ सुधारायला जाऊ नये. त्याला पुढे वेळ आहे.

चालीवर म्हणण्याचा आणखी एक फायदा आहे. जनाबाईंच्या या मुलुखात जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना तो न शिकवता माहीत होता. गाताना गिळलेला ‘अ’ परत येतो: ‘ती-ळऽ’. मात्रावृत्तातही ‘ती’च्या दोन आणि ‘ळ’ची एक, अशा तीन मात्रा मोजतात. बोलण्यात लपलेलं अक्षर गाण्यात कानावर पडतं.

ताईंनी मग तीच ओळ लांबवून, चालीत म्हटली. ‘तीळ’वर दोन टाळ्या पडल्या. साधं बोलून दाखवलं, तर पुन्हा एक.