संथ पायथन वेब अ‍ॅप्लिकेशनचे निदान

पायथनमध्ये लिहिलेले वेब अ‍ॅप्लिकेशन उशिरा उत्तर देऊ लागले की वेळ नेमका कुठे खर्च होतो, हे मोजून शोधण्याची पद्धत. संथपणाचे खापर सहसा पायथनवर फुटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सर्व्हर डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत असतो. म्हणून मोजल्याशिवाय कोडला हात लावू नये.

नेहमी आढळणारा दोष म्हणजे क्वेऱ्यांची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, रांग. समजा, जँगो या पायथन फ्रेमवर्कमधील एका पानावर पुण्याच्या पीएमपीएमएल बससेवेचे ५० बसमार्ग आणि प्रत्येकाचे आगार दाखवायचे आहे. मार्गांसाठी एक क्वेरी जाते. मग टेम्प्लेट (पानाचा साचा) एकेका मार्गाचे आगार विचारू लागते आणि आणखी ५० क्वेऱ्या होतात. लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर असल्याने हे जाणवतही नाही. प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर) मात्र डेटाबेसपर्यंतच्या एका फेरीला २० मिलिसेकंद लागले, तरी ५१ फेऱ्यांत सेकंद उलटून जातो. आगारासाठी जँगोची सिलेक्ट_रिलेटेड ही सोय वापरल्यास सारे एकाच क्वेरीत येते. थांबेही दाखवायचे तर एका मार्गाला थांबे अनेक, म्हणून तेथे प्रीफेच_रिलेटेड लागते आणि काम दोन क्वेऱ्यांत भागते. जँगो डीबग टूलबारवर ही संख्या लगेच दिसते.

क्वेऱ्या मोजक्याच असूनही पान रेंगाळत असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालवून इंडेक्स (नोंदी लवकर शोधून देणारी सूची) वापरला जातो का ते पाहावे. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. डेटा बदलणाऱ्या अपडेट किंवा डिलीटच्या बाबतीत हे विसरणे महागात पडते.

प्रोसेसरच व्यग्र असेल तर कोडच्या कोणत्या भागाला किती वेळ लागला हे मोजणारा, पायथनसोबत येणारा सीप्रोफाइल उपयोगी पडतो. चालू प्रोसेस न थांबवता पाहायची असल्यास पाय-स्पाय हा वेगळा प्रोफायलर वापरावा. बाहेरच्या सेवांकडे मात्र वेगळे लक्ष हवे. अशा सेवांशी बोलण्यासाठी वापरली जाणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी आपणहून टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) लावत नाही, त्यामुळे एक सेवा अडली की गुनिकॉर्न या वेब सर्व्हरचे सगळे वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) तिच्यापाशी अडकून पडू शकतात. अशा वेळी नुसते वर्कर वाढवणे हा इलाज नव्हे.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील अनेक टीम परदेशी ग्राहकांची अ‍ॅप्लिकेशन सांभाळतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तेथील गर्दीच्या वेळेतली तक्रार येथे दुसऱ्या दिवशी सकाळी हाती येते, तोवर सर्व्हर शांत झालेला असतो. त्यामुळे अ‍ॅप्लिकेशनकडे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला (मागणीला) लागलेला वेळ, तिच्या क्वेऱ्यांची संख्या आणि बाहेरच्या सेवेने घेतलेला वेळ लॉगमध्ये आधीपासूनच नोंदला जात असावा लागतो. केवळ सरासरी पाहू नये. सर्वांत संथ पाच टक्के रिक्वेस्टी वेगळ्या काढल्या की दोष बहुधा एखाद्या ठरावीक पानाशी किंवा मोठ्या खात्याशी जोडलेला दिसतो.