कपाशीवरची फवारणी आणि अ‍ॅसिटिलकोलिन : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या द्रव्याला ‘औषध’ म्हणतात आणि ते अंगावर आले की ‘औषध लागले’ असे सांगतात. या शब्दामागे जे रसायन आहे, त्याचा इतिहास मात्र मज्जासंस्थेच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. तंबाखूतील निकोटीन व क्युरारे हे वनस्पतिजन्य विष स्नायूवर नेमके कोठे काम करतात हे शोधताना १९०५ मध्ये ‘ग्राही’ (पेशीवरची, रसायन येऊन बसते ती जागा) ही कल्पना मांडली गेली. चेता (नर्व्ह) आपला संदेश रसायनाद्वारे देते, हे १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून दिसले. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. १९३० च्या दशकात जर्मनीत नव्या कीटकनाशकांचा शोध सुरू असताना, अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) बांधून टाकणारी ऑर्गॅनोफॉस्फरस संयुगे हाती लागली व त्यांतूनच युद्धातील विषारी वायूही निघाले.

विकर बंद पडले की अ‍ॅसिटिलकोलिन साचते आणि ग्राही अखंड चेतवले जातात. हे ग्राही दोन प्रकारचे, मस्करिनी व निकोटिनी. मस्करिनी ग्राहींमुळे लाळ व घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, फुप्फुसांत स्राव भरतो. निकोटिनी ग्राहींमुळे स्नायू फडफडतात व पुढे लुळे पडतात. मेंदूत शुद्ध हरपते आणि श्वसनकेंद्र मंदावते. उतारा म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपीन, जे बांधावरच्या धोतऱ्यातही असते, केवळ मस्करिनी ग्राही अडवते. म्हणून लाळ-घाम थांबला तरी धोका टळलेला नसतो: एक ते चार दिवसांनी मान व श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात, हे १९८७ मध्ये श्रीलंकेतील रुग्णांवरून स्पष्ट झाले. नातेवाइकांनी घाईने रुग्णाला घरी नेऊ नये, त्याचे कारण हेच.

भारतात कायदा आला तो खाणाऱ्याच्या मृत्यूंमुळे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. खाणाऱ्यावरची ही नजर २००५ च्या निर्णयातही कायम राहिली. मोनोक्रोटोफॉस या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाचा वापर तेव्हा भाजीपाल्यावर बंद झाला, कपाशीवर मात्र सुरू राहिला. कापूस कोणी खात नाही, तेव्हा अवशेषांचा प्रश्न नाही, शिवाय हे द्रव्य स्वस्त व रसशोषक किडींवर प्रभावी आहे, असा परवानगीच्या बाजूचा युक्तिवाद होता. हातात पैसा नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु या हिशेबात पाठीवर पंप घेऊन ओळीत चालणारा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर) कोठेच नव्हता. त्याच्या त्वचेतून शिरलेले द्रव्य भाजीवरचे की कपाशीवरचे, याने त्याच्या शरीरातील विकराला काहीच फरक पडत नाही. शिवाय बाटली घरात आली की ती कपाशीपुरतीच राहील, हे गृहीतकही शेतावर टिकत नाही. २०१३ मध्ये बिहारमधील शाळेच्या जेवणात याच द्रव्याने २३ मुले मेली, तरी कपाशीवरची परवानगी उठली नाही.

दरम्यान २००२ मध्ये कपाशीचे बीटी वाण (बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार व्हावे म्हणून जनुकबदल केलेले) आले. त्याचा रोख बोंडअळीवर असल्याने मावा, तुडतुडे व पांढऱ्या माशीसाठी फवारणी चालूच राहिली. विकराऐवजी थेट निकोटिनी ग्राहींवर बसणारी निओनिकोटिनॉइडे ही कीटकनाशके याच काळात रुळली. कीटकांचे ग्राही त्यांना माणसाच्या ग्राहींपेक्षा अधिक घट्ट धरतात. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईनाशी झाली, आणि जिच्यासाठी फवारा कमी झाला होता तिच्यासाठीच पंप पुन्हा उचलावा लागला. लवकर लावलेल्या कपाशीवर या अळीला आधीच आसरा मिळतो, खानदेशातील पूर्वहंगामी (पावसाआधीच्या) लागवडीवर त्यामुळेच बंधने आली. २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना मजूर मोठ्या संख्येने बाधित झाले व अनेकांचा मृत्यू झाला. मोनोक्रोटोफॉसच्या सर्वाधिक वापरातल्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, म्हणजे भाजीपाल्यावरील बंदीनंतर १८ वर्षांनी.