साप ओळख ठेवतो का?

इंग्लंडमध्ये लेस्टरला भावाकडे गेले होते. भाच्याच्या खोलीत अभ्यासाच्या टेबलाशेजारी चार फुटी लाकडी पेटी होती, पुढे सरकत्या काचा. आत नारळाच्या भुशाचा थर, झाडाच्या सालीचा एक पोकळ तुकडा, पाण्याचं जड भांडं आणि सालीखाली वेटोळं घालून बसलेला केशरी रंगाचा साप. "आत्या, हा मका," भाचा म्हणाला. जात कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, वाढून चार-पाच फुटांचा होणारा. पोटावरची चौकटीची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरायचा म्हणून पडलं, असंही सांगतात. आपल्या तस्कराचा हा लांबचा भाऊबंद.

त्या दिवशी मक्याचं जेवण होतं. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून भाच्याने तो नरम केला, कोरडा केला आणि लांब चिमट्यात धरून पेटीत नेला. सालीखालून आधी फक्त जीभ आली. वर-खाली, संथ, थांबून थांबून. मग डोकं. मानेचा भाग वळणावळणाने मागे खेचला गेला आणि काय झालं ते कळायच्या आत उंदराभोवती दोन वेढे बसले होते. पुढचा भाग मला जास्त आवडला. वेढे सैल करून मका उंदराच्या अंगावरून जीभ फिरवत राहिला, डोक्याची बाजू सापडेपर्यंत. मग तिकडूनच गिळायला सुरुवात.

"हा मला ओळखतो," भाचा म्हणाला. "तुला ओळखतो की तुझ्या चिमट्याला?" मी विचारलं. तो गप्प झाला. गेले काही महिने मीही या प्रश्नाच्या मागे आहे.

आपल्याकडे सापाच्या बुद्धीबद्दल एक जुनं मत आहे: साप डूख धरतो. मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, वर्षांनी शोधत येतो. माझी आजी जखमी साप सोडू नये म्हणायची ती याच भीतीने. एखाद्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं जपून सूड घ्यायला यायचं, तर त्याला चेहऱ्याची पारख हवी, काळाचं भान हवं, हेतू हवा. सापात असलं काही असल्याचा पुरावा नाही. दुसऱ्या टोकाला सापाला निव्वळ सरपटणारं यंत्र समजणारे. विसाव्या शतकात बराच काळ प्रयोगशाळाही याच मताच्या होत्या, आणि त्याचं कारण मला फार बोलकं वाटतं.

उंदरांसाठी बनवलेल्या भूलभुलैयांत साप सोडले जायचे. शेवटी बक्षीस म्हणून खाऊ. साप तिथे नापास होत. पण आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा जेवणाऱ्या प्राण्याला खाऊसाठी धावायची घाई कशाला असेल? शिवाय थंड खोलीत ठेवलेला साप हालचालच मंद करतो, कारण त्याच्या शरीराची ऊब बाहेरून येते. सापाला उंदराचा पेपर दिला आणि त्याला ढ ठरवलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी सापाला काय हवं असतं, इथून सुरुवात केली. सापाला लपायला जागा हवी असते. लहान मुलांच्या पोहण्याच्या टबाएवढी काळी टाकी घेतली, तळाला आठ भोकं पाडली, वर प्रखर दिवा लावला. आठांपैकी एकाच भोकातून खाली अंधाऱ्या आसऱ्याला जाता येई. टाकीत सोडले २४ तरुण कॉर्न स्नेक, मक्याच्याच जातीचे. पहिल्या वेळी आसरा शोधायला त्यांना सरासरी ७०० सेकंदांहून जास्त लागले. चौथ्या दिवसापर्यंत हा वेळ सुमारे ४०० सेकंदांवर आला, आणि काही साप तर अर्ध्या मिनिटात भोकापाशी पोचू लागले. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. लहान साप वाट शोधताना अनेक प्रकारच्या खुणा वापरतात, मोठे साप डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर जास्त विसंबतात, हेही त्यात दिसलं. म्हणजे जागा लक्षात राहते, आणि ती लक्षात ठेवण्याची रीत वयाप्रमाणे बदलते.

जिभेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सापाचं जग तिथूनच सुरू होतं. जीभ हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपते आणि टाळूतल्या जेकबसन नावाच्या गंध ओळखणाऱ्या इंद्रियापाशी पोचवते. ती दुभंगलेली असल्यामुळे डावीकडे वास गडद की उजवीकडे, हे एका फटक्यात समजतं. साप किती वेळा जीभ बाहेर काढतो हे मोजलं की त्याचं कुतूहल मोजता येतं, आणि अभ्यासक बहुतेक प्रयोगांत हेच करतात. कानाचं भोक नसलं तरी साप बहिरा नाही. जमिनीची थरथर तो जबड्यातून ओळखतो, आणि हवेतून आलेल्या आवाजालाही प्रतिसाद देतो, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगांत दिसलं. पुंगीपुढे डोलणारा नाग मात्र सुरावर डोलत नसतो. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो सावधपणे वळत असतो.

हुशार दिसणारी प्रत्येक गोष्ट शिकलेली असते असंही नाही. आग्नेय आशियात टेंटॅकल्ड स्नेक नावाचा पाणसाप आहे, तोंडावर दोन मिशांसारखे अवयव असलेला. धोका जाणवला की मासा सेकंदाच्या काही हजारांश भागात अंग वाकवून उलट दिशेला झेपावतो. हा साप इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा वाकून बसतो आणि झडप घालायच्या क्षणी धडाचा एक भाग किंचित हलवतो. मासा धडापासून पळतो आणि थेट जबड्यात शिरतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे केनेथ कटेनिया यांनी २००९ साली हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. मासा आत्ता कुठे आहे तिथे नाही, तर पुढच्या क्षणी त्याचं डोकं कुठे असेल तिथे साप झेपावतो! पण पुढच्याच वर्षी त्यांनी कैदेत जन्मलेली, जिवंत मासा कधीच न पाहिलेली पिल्लं तपासली, तर तीही तसंच करत होती. ही अक्कल लाखो वर्षांच्या निवडीतून आलेली. त्या एका सापाने ती कमावलेली नाही. घरी साप पाळणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवला तर पुष्कळ गैरसमज टळतील.

कमावलेली अक्कल पाहायची तर फ्लोरिडातले अजगर पाहावे. पाळण्यासाठी आणलेले, सुटलेले आणि सोडून दिलेले बर्मी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले आणि त्यांनी तिथले रॅकून, ओपॉसम असे छोटे सस्तन प्राणी जवळपास संपवले. २०१७ साली त्यांना पकडायला तमिळनाडूतले इरुळा या आदिवासी जमातीचे दोन सर्पतज्ज्ञ मुद्दाम बोलावले होते. अशाच जंगलातून धरलेल्या काही अजगरांना प्रयोगशाळेत पेटता दिवा असलेलं बटण तोंडाने दाबायला शिकवलं गेलं. बटण दाबलं की दार उघडायचं आणि खाणं मिळायचं. बटण ही गोष्ट अजगरांच्या इतिहासात कधीच नव्हती. तरी ते शिकले. २०१५ साली हा अभ्यास छापून आला.

ओळखीचा प्रश्न मात्र याहून नाजूक. कॅनडाच्या ओंटारिओमधल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठात गार्टर सापांची (घोळक्याने हिवाळा काढणारी उत्तर अमेरिकी जात) ४० पिल्लं एकत्र राहायला ठेवली आणि कोण कुणाबरोबर लपतं याची नोंद ठेवली. ठराविक साप पुन्हा पुन्हा ठराविक सोबत्यांजवळ जात होते. याच गटाने २०२४ मध्ये गार्टर सापांपुढे वेगवेगळे वास ठेवले: स्वतःचा, परक्याचा, आणि हेच दोन्ही वास ऑलिव्ह तेल मिसळून. सापांनी सर्वांत जास्त जीभ चालवली ती स्वतःच्याच पण बदललेल्या वासापाशी. जणू आरशात आपल्या कपाळावर अनोळखी ठिपका दिसावा. बॉल पायथन या एकलकोंड्या आफ्रिकी अजगरांनी असा फरक दाखवला नाही. याला ‘स्वतःची जाणीव’ म्हणावं का, यावर वाद होणारच. मी इतकंच म्हणेन की ‘साप’ नावाची एक बुद्धी नसते. घोळक्याने हिवाळा काढणाऱ्याची वेगळी, एकट्याने बिळात बसणाऱ्याची वेगळी.

आणि आता भाच्याचा प्रश्न. लेस्टरपासून फार लांब नाही ते लिंकन विद्यापीठ. तिथे अ‍ॅना विल्किन्सन यांच्या गटाने कॉर्न स्नेकना ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचा वास देऊन पाहिलं. साध्या, जवळजवळ रिकाम्या पेटीत राहणाऱ्या सापांत फरक दिसला नाही. लपायच्या जागा आणि चढायला फांद्या असलेल्या भरल्या पेटीत राहणारे साप मात्र दोन वासांना वेगळा प्रतिसाद देत होते. त्याच विद्यापीठात सापांना लहान आणि मोठी अशा दोन पेट्यांतून निवड करू दिली, तर त्यांनी अंग पूर्ण ताणता येईल अशी मोठी पेटी पसंत केली. साप पाळणाऱ्यांत ‘सापाला अडचणच आवडते’ असा समज घट्ट बसला आहे, आणि त्याच्या आधारावर ड्रॉवरसारख्या अरुंद खणांत शेकडो साप ठेवले जातात. लपायला अडचणीची जागा हवी हे खरं, पण सबंध आयुष्य अडचणीत काढायचं हे त्यातून कसं निघतं? दिवसच्या दिवस काचेवर नाक घासणारा साप खेळत नसतो, तो वाट शोधत असतो.

म्हणून बुद्धी आणि पाळणं हे दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत. साप हातात शांत बसतो तेव्हा तो सरावलेला असतो आणि हाताची ऊब त्याला सोयीची असते. त्याला प्रेम म्हणायला आधार नाही, आणि तसं म्हटल्याने सापाचं काही भलंही होत नाही. शिवाय हा मुक्काम लांबचा. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथन मादीने २०२० साली वयाच्या साठीनंतर अंडी घातली. दहावीतल्या मुलाने आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही सांभाळावा लागू शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वळणाचा आहे. नाग, घोणस, धामण, अजगर यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं (१९७२) संरक्षण आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी बॉल पायथनसारख्या ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी सक्तीची आहे. मांडुळाची तर वेगळीच व्यथा. आखूड, बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते म्हणून तो दुतोंड्या, आणि दुतोंड्या म्हणून गुप्तधन दाखवणारा, अशा समजुतीपायी या गरीब, जमिनीत तोंड खुपसून राहणाऱ्या सापाची लाखोंच्या बोलीने तस्करी चालते. लहानपणी नागपंचमीला दारात येणारा गारुड्याचा नाग मी दूध पिताना पाहिला आहे. दूध हा सापाचा आहार नाही, आणि कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला प्राणी पुढ्यात आलेलं काहीही पितो, हे मला फार उशिरा कळलं. त्या टोपलीत अंग सरळ करायलाही जागा नव्हती.

मी तिथे असतानाच भाच्याने मक्याच्या पेटीत एक जाड फांदी आणि उलटी घातलेली मातीची फुटकी कुंडी ठेवली. रात्री दिवे मालवल्यावर मका बाहेर आला. फांदीचा प्रत्येक फाटा त्याने जिभेने तपासला, कुंडीत डोकावला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. आठवडाभराने आम्ही दोन सारखे हातरुमाल घेतले. एक भाच्याने रात्रभर उशाशी ठेवला, एक मी. दोन्ही पेटीत ठेवले आणि काचेशी बसून मोजलं. एका मिनिटात भाच्याच्या रुमालापाशी ९ वेळा जीभ, माझ्या रुमालापाशी २३ वेळा. भाचा उडीच मारणार होता, पण त्याने वही ओढली, आकडे लिहिले आणि म्हणाला, "आत्या, तुझा रुमाल उजवीकडे होता. उद्या जागा बदलून पुन्हा करू."