आचारमर्यादा, संशोधक समुदायातील

संशोधन करणाऱ्या माणसांनी एकमेकांशी, हाताखालच्या मदतनिसांशी आणि ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्या लोकांशी कसे वागावे, याबद्दल त्या समुदायाने स्वतः ठरवून लिहून ठेवलेले नियम. ते मोडले तर कोणी आणि कशी दखल घ्यायची हेही त्यांतच सांगितलेले असते. विद्यापीठाचा विभाग, महाविद्यालयातील संशोधन केंद्र, प्रयोगशाळा, चर्चासत्र किंवा गावोगाव पाहणीसाठी निघालेला गट, या सर्वांना ते लागू होतात. वाङ्मयचौर्य आणि बनावट आकडेवारी हा शेजारचा पण निराळा विषय आहे. प्रस्तुत नोंदीत माणसांच्या परस्पर वागण्याचा विचार केला असून उदाहरणे सातारा व सांगली जिल्ह्यांतील आहेत.

मान आणि आदर

‘मान’ हा शब्द या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. आपल्याकडचा मान बहुतेक वेळा खालून वर जातो. चर्चासत्राच्या उद्घाटनात शाल, श्रीफळ आणि फेटे यांत पाऊण तास जातो. मग दुपारी शेवटच्या सत्रात पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला ‘पाच मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी पोचते. कुणाचा अपमान करावा असे कुणाच्याच मनात नसते. तरीही तिच्या तीन वर्षांच्या कामाला त्या दिवशी काय किंमत मिळाली, हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलेले असते.

आचारमर्यादेला अपेक्षित असलेला आदर मानपानाहून वेगळा आहे. समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे असे धरून वागणे, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या विभागात तो आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तिथल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला कसे वागवतात हे पाहून उपयोग नाही. नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ‘सर, हे आकडे जुळत नाहीत’ असे चारचौघांत म्हणता येते का, आणि म्हटल्यावर त्याच्या प्रोग्रेस रिपोर्टवरची सही वेळेवर होते का, हे पाहावे लागते.

संबोधनाचा प्रश्न इथे नाजूक आहे. कराड-इस्लामपूरकडच्या घरांत आईला ‘तू’ म्हणतात आणि त्यात जिव्हाळा असतो; गाईडने विद्यार्थ्याला ‘अरे’ म्हटले म्हणून संहिता, म्हणजे ही लेखी आचारमर्यादा, मोडत नाही. मात्र एकाच वर्गात एका विद्यार्थ्याला ‘अहो’ आणि दुसऱ्याला ‘ए’ असा फरक आडनाव ऐकून होत असेल, तर तो भेदभावच होय आणि संहितेत त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. पाणउताऱ्याचेही तसेच. चूक दाखवणे हे मार्गदर्शकाचे कामच आहे. ती इतरांना हसवण्यासाठी दाखवली, की त्या विद्यार्थ्याचे प्रश्न विचारणे तिथेच संपते.

वादाची जुनी शिस्त

मतभेद कसा करावा याचे नियम या भूमीला नवे नाहीत. सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे संस्कृत विद्येचे जुने केंद्र. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे आणि त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या शास्त्रपरंपरेत काम केले, तिच्यातील न्यायसूत्रे, म्हणजे तर्कशास्त्राचा प्राचीन संस्कृत ग्रंथ, चर्चेचे तीन प्रकार सांगतात. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत जाणे ती वितंडा. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याने न योजलेला अर्थ चिकटवणे म्हणजे छल. याचे पाठशाळेत शिकवले जाणारे उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे: बोलणारा नव्या घोंगडीविषयी बोलतो आणि प्रतिपक्षी ‘नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ म्हणून त्याला अडवतो. वादात हार केव्हा मानायची याची २२ निग्रहस्थानेही ठरलेली आहेत. पूर्वपक्ष मांडण्याची रीत तर आजच्या कोणत्याही सेमिनारला उपयोगी पडेल. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला पटेल अशा पूर्ण ताकदीने मांडायचे, मग खंडन करायचे.

या परंपरेला एक मोठे वैगुण्य होते. वादाचे नियम उत्तम असले तरी वादाला बसण्याचा अधिकार मोजक्या पुरुषांना होता. आदराची खरी कसोटी दाराशीच लागते, हे सातारा जिल्ह्याने दुसऱ्या बाजूने दाखवून दिले. जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. त्याच विचारांत वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. त्या पंगतीने जे केले ते कोणत्याही लेखी कलमाला करता आले नसते, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. स्वतः लक्ष्मणशास्त्रींनीही पुढे अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्राधार उभे केले.

लेखी संहिता

विज्ञानव्यवहारातील मूल्यांची आधुनिक मांडणी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४२ मध्ये केली. सांगणारा कोण आहे हे न पाहता विधान तपासावे, आणि संशय घेण्याचे काम समुदायाने मिळून करावे, ही त्यांतील दोन सूत्रे इथे महत्त्वाची आहेत. त्यांत छळ, भेदभाव, सत्तेचा गैरवापर यांचा विचार नव्हता. तो बराच उशिरा आला. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये छळ, भेदभाव आणि दादागिरी यांचा समावेश थेट वैज्ञानिक गैरवर्तनात केला. आकडे बदलणे आणि सहकाऱ्याला छळून बाहेर घालवणे, दोन्हींनी विज्ञानाचेच नुकसान होते, ही त्यामागची भूमिका. भारतात २०१९ मध्ये भौतिकशास्त्रातील लिंगसमानतेसाठी हैदराबाद सनद तयार झाली.

कायद्याची चौकट याहून जुनी आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगबाबत २००९ मध्ये, समतेबाबत २०१२ मध्ये आणि लैंगिक छळाबाबत २०१५ मध्ये नियमावल्या काढल्या. शेवटच्या नियमावलीमागे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आणि त्याच विषयावरचा २०१३चा कायदा आहे. सातारा-सांगलीतील बहुतेक महाविद्यालये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. संशोधनाला नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशनाची नीतितत्त्वे हा दोन श्रेयांकांचा विषय घ्यावा लागतो. तो बहुधा वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरपाशीच संपतो आणि वागणुकीचा भाग राहून जातो, ही उणीव आहे. कायदा सर्वांत खालची पायरी सांगतो. रात्री अकराला फोन करून ‘आकृत्या आत्ताच्या आत्ता पाठव’ म्हणणे किंवा गाईडच्या घरची कामे विद्यार्थ्याला सांगणे कायद्याच्या जाळ्यात सहसा सापडत नाही. अशा गोष्टींसाठीच समुदायाने स्वतःची मर्यादा आखायची असते.

मर्यादा ठरवण्याची रीत

तयार मसुदा उतरवून त्यावर प्राचार्यांचा शिक्का मारला की संहिता झाली, असे होत नाही. ती ज्यांना पाळायची आहे आणि ज्यांना तिची गरज आहे, त्या दोघांनी बसून लिहावी लागते. त्यात प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय सेवक, प्रकल्पावर रोजंदारीने काम करणारी मुले-मुली हवीत. विद्यार्थ्यांशी आधी वेगळे, गाईड नसताना बोलावे. समोर बसवून ‘काही अडचण आहे का?’ विचारले तर ‘नाही सर’ हेच उत्तर येणार. मसुद्याची भाषा मराठी असावी, कारण ज्याला सर्वांत जास्त संरक्षण लागते त्याला इंग्रजी कलमांत स्वतःचे दुखणे ओळखू येत नाही.

कलमे कृतीची असावीत. ‘सर्वांशी सौजन्याने वागावे’ हे वाक्य कुणालाही मोडता येत नाही, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असे लिहावे: प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा. कुणाचे बोलणे मध्येच तोडायचे नाही. टीका मांडणीवर करायची. बोलीवर, उच्चारावर, गावावर नाही. माणदेशी किंवा जतकडचा हेल ऐकून हसणे हे या जिल्ह्यांतल्या सभागृहांत अजून घडते. त्या हसण्याने किती हुशार मुले गप्प बसली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

रजेचा आणि वेळेचा उल्लेख नसलेली संहिता अपुरी. पीएच.डी.बाबतच्या २०२२च्या नियमावलीत महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे. ती मागताना विद्यार्थिनीला गुन्हा केल्यासारखे वाटू नये, एवढे वातावरण विभागाने राखायचे असते.

श्रेय

आदराचा सर्वांत कोरडा आणि सर्वांत झोंबणारा भाग म्हणजे कागदावरचे नाव. काम केलेल्याचे नाव वगळणे आणि काम न केलेल्याचे घालणे, दोन्ही गैर. याबाबत एक चांगले उदाहरण वाईतच आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये तिथून निघाला. त्याच्या नोंदींखाली लेखकाचे नाव छापलेले असते, आणि मूळ नोंद इंग्रजीत लिहून घेतली असेल तर तिचे मराठी करणाऱ्याचेही नाव तिथेच, ‘इं.’ व ‘म.’ अशा खुणेने येते. भाषांतरकाराला पडद्याआड न ठेवण्याची ही रीत प्रयोगशाळांनी उचलण्यासारखी आहे. कोणाचे नाव कोणत्या क्रमाने, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवले तर पुढची निम्मी भांडणे होत नाहीत.

गावाशी वागणे

ज्यांचा अभ्यास करायचा ते लोक संशोधक समुदायाबाहेरचे, असे मानण्याची सवय घातक आहे. प्रश्नावली घेऊन गेलेली विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांच्या कोपीवर पोचते तेव्हा तिथली बाई पहाटेपासून फडात राबून आलेली असते, चूल पेटायची असते. तासाभराच्या प्रश्नांसाठी ती वेळ मागणे हाच अनादर. तासगावच्या बागायतदाराकडे द्राक्षाच्या छाटणीत, माण-खटावात टँकरची वाट पाहणाऱ्या रांगेत, असेच भान लागते. ‘मावशी’, ‘आबा’ म्हणून बोलणे सुरू करणे चांगले. पण नाते जोडून नकाराची वाट बंद करू नये. मावशीला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे आणि त्याचे कारणही तिला विचारू नये. संमतीपत्रावर अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे, ही गोष्ट भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतूनही स्पष्ट होते: माहिती समजेल अशा भाषेत द्यायची आणि कधीही माघार घेण्याची मोकळीक ठेवायची.

या बाबतीत सांगलीने स्वतःचे मोलाचे काही दिले आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली संग्राम ही संस्था आणि तिच्यातून उभी राहिलेली, वेश्याव्यवसायातील स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी लोकांच्या हक्कांची एक छोटी यादी पुढे ठेवली. आमच्याकडे नम्रतेने आणि आदराने या. आमच्याशी संबंधित गोष्टींना हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क आमचा. जे आम्हाला समजून घेत नाहीत अशा बाहेरच्यांकडून ‘सुटका’ करून न घेण्याचा हक्कही आमचा, असा तिचा आशय आहे. ज्यांच्यावर सर्वाधिक अभ्यास होतो आणि ज्यांना सर्वांत कमी विचारले जाते, त्या बायकांनी अभ्यासकांना घातलेली ही मर्यादा कुठल्याही विद्यापीठाच्या कलमांपेक्षा नेमकी आहे. वाळवा तालुक्यातील कासेगावी स्थायिक झालेल्या, अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी दुसरी वाट दाखवली: अभ्यासाच्या प्रदेशातच राहायचे आणि तिथल्या चळवळीत उतरायचे. प्रत्येकाला ते जमणार नाही. निष्कर्ष गावात परत येऊन मराठीत सांगणे मात्र प्रत्येकाला जमते.

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. वायतुऱ्यासारख्या वनस्पतीने शास्त्रीय नावात सातारा जपला आहे. अशा ठिकाणी नमुना किती घ्यायचा हा शास्त्राचा प्रश्न, तर वाट दाखवणाऱ्या माणसाचे नाव शोधनिबंधात येते का हा आचाराचा. जैवविविधता कायदा २००२चा आहे; त्यानुसार गावच्या समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, आणि तिच्यातली माहिती ही कुणाच्या तरी आजीची विद्या असते. कोयनेचे उदाहरण आणखी वेगळे. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर धरणाचे पाणी आणि भूकंप यांच्या संबंधावर शास्त्रज्ञांत दीर्घ मतभेद झाले. आज कराडजवळ हजारमाची येथे या विषयाची खास प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात खोल विवरे घेतली गेली. अशा वादात शास्त्रज्ञ एकमेकांना काय म्हणतात ते धरणाखालची गावेही ऐकत असतात. प्रतिस्पर्ध्याला ‘अडाणी’ ठरवणारे एक वाक्य वर्तमानपत्रात आले, की घर हादरलेल्या माणसाचा दोघांवरचाही विश्वास जातो.

तक्रार

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि बाहेरचा एक सदस्य. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही. प्राचार्य, कुलसचिव, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्ती समितीत बसू शकत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते, मुदत आणखी तीन महिने वाढू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती तक्रार घेते.

कायद्याबाहेरच्या वागणुकीसाठी विभागाने आपली सोय करावी: दोन व्यक्ती, त्यांत एक स्त्री, शक्यतो दुसऱ्या विभागातील. सातारा-सांगलीसारख्या ठिकाणी गुप्तता हा मोठा प्रश्न असतो, कारण गाईड, परीक्षक आणि संस्थेचा पदाधिकारी एकाच लग्नात भेटतात. ‘घरातलं भांडण बाहेर कशाला’ हे वाक्य इथे नेहमी ऐकू येते, आणि ते बोलणारा बहुधा त्या घरातला कर्ता असतो. म्हणून तक्रार ऐकणाऱ्याने लेखी पोच द्यावी, पुढे काय होणार ते पंधरवड्यात कळवावे, आणि तोवर विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, प्रयोगशाळेची किल्ली, उपकरणावरची पाळी यांत बदल होऊ देऊ नये. मार्गदर्शक बदलण्याची वेळ आली तर आधीचे काम आणि आकडे विद्यार्थ्यासोबत जातील, हे नोंदणीच्या दिवशीच लिहून घ्यावे.